जगमोहन दालमिया: खजिनदाराच्या खुर्चीतून दिसलेलं क्रिकेट

सातपुडा (धागाकर्ता):

२० सप्टेंबर २०१५. गणपतीचे दिवस होते. रात्रीची आरती आटोपून प्रसाद वाटत होतो, तेवढ्यात टीव्हीवर खालची पट्टी सरकली. जगमोहन दालमिया गेले, वय ७५. जमलेल्यांपैकी एक काका म्हणाले, "क्रिकेटचा बाजार मांडला तो यांनीच." दुसरे म्हणाले, "बाजार मांडला म्हणूनच आज खेळणाऱ्या पोरांच्या घरात चार पैसे आहेत." पुढच्या घरी आरतीला जायचं होतं म्हणून वाद तिथेच राहिला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही.

थोडं माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे मी हे कुठून बोलतोय ते कळेल. आमच्या तालुक्याच्या क्रीडा मंडळाचा मी बारा वर्षं खजिनदार होतो. चुन्याची पोती, मॅटिंग, पंचांचं मानधन, बाहेरगावच्या संघाचं जेवण, मैदानावर पाणी मारणाऱ्या माणसाचा महिना, हे सगळं माझ्या वहीतून जायचं. स्पर्धा जोरात झाली असं गाव म्हणायचं, तेव्हा मला रात्री झोप लागायची नाही, कारण मंडपवाल्याचे पैसे राहिलेले असायचे. म्हणून दालमियांच्या सगळ्या कारकिर्दीत मला सगळ्यात जवळचं वाटतं ते १९८३ साल. त्या वर्षी ते भारतीय क्रिकेट मंडळाचे खजिनदार झाले, आणि त्याच वर्षी आपण लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकलो.

जिंकलेल्या संघाला द्यायला मंडळाकडे पैसे नव्हते. दिल्लीत लतादीदींचा कार्यक्रम ठेवावा लागला आणि त्यातून खेळाडूंना प्रत्येकी १ लाख रुपये देता आले. हा किस्सा आपण लतादीदींच्या मोठेपणासाठी सांगतो, आणि ते खरंच आहे. पण जगज्जेत्या संघाच्या मंडळाची तिजोरी रिकामी, हे कुठल्याही खजिनदाराला आतून लागणारं आहे.

आता हा माणूस कोण? कलकत्त्यातल्या मारवाडी कुटुंबात ३० मे १९४० चा जन्म. स्कॉटिश चर्च कॉलेजात शिक्षण. कॉलेजसाठी आणि क्लबसाठी यष्टिरक्षण केलं. तरुण वयातच वडिलांची एम. एल. दालमिया अँड कंपनी अंगावर आली. बांधकामाचा धंदा. कलकत्त्याचं बिर्ला तारांगण याच कंपनीने बांधलं. क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉलमध्ये विश्वनाथ दत्त यांच्या हाताखाली ते घडले आणि १९७९ मध्ये बंगालचे प्रतिनिधी म्हणून भारतीय मंडळात आले.

बांधकामवाला माणूस जमिनीवर पहिली वीट ठेवण्याआधी एकच गोष्ट पाहतो: सातबारा कोणाच्या नावावर आहे? माझ्या मते दालमियांनी क्रिकेटकडे नेमकं याच नजरेने पाहिलं. मैदान भरलेलं आहे, खेळाडू आहेत, देश कामधंदा सोडून रेडिओला आणि टीव्हीला चिकटलाय. मग या सगळ्याचा सातबारा कोणाचा? तोवर हा प्रश्न कोणी नीट विचारलाच नव्हता. सामना दाखवतो म्हणजे दूरदर्शन आपल्यावर उपकार करतं, अशीच सगळ्यांची समजूत. १९९३ च्या सुमारास तर दूरदर्शन एका सामन्यामागे ५ लाख रुपये मंडळाकडूनच मागत होतं! म्हणजे शेत आपलं, पीक आपलं, आणि बाजारात नेणाऱ्याला वर पैसे आपणच द्यायचे.

त्याच वर्षी बंगाल असोसिएशनच्या हीरक महोत्सवासाठी हिरो कप ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. दालमियांनी प्रक्षेपणाचे हक्क टीडब्ल्यूआय या परदेशी कंपनीला विकले. सरकार खवळलं. टीडब्ल्यूआयची सामग्री कस्टम्सने अडवली. प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. इकडे सामने चालू, तिकडे वकील उभे. ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला आणि आयोजकाला आपला सामना आपल्या पसंतीच्या माध्यमातून दाखवायचा हक्क आहे हे मान्य झालं.

पुढचं सगळं या एका कागदावर उभं आहे असं मला वाटतं. १९९६ च्या विश्वचषकाचे टीव्ही हक्क मार्क मस्कारेन्हस यांच्या वर्ल्डटेलने १ कोटी डॉलरला घेतले. १९९७ मध्ये दालमिया आयसीसीचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे, अध्यक्ष झाले, पहिले आशियाई. २००० पर्यंत त्या पदावर होते. लॉर्ड्सच्या एका कोपऱ्यात बसून पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या संस्थेला त्यांनी स्वतःची स्पर्धा दिली, १९९८ मध्ये ढाक्यात. तीच पुढे चॅम्पियन्स ट्रॉफी झाली.

माझं म्हणणं एवढंच की खेळ चालवायला खेळाडूइतकाच हिशेब समजणारा माणूस लागतो, आणि दालमियांना तो समजत होता. त्यांच्या चुकाही मला माहीत आहेत, त्यावर बोलूच. इथे कलकत्त्यात राहिलेले, नागपूरचे, मुंबईचे बरेच लोक आहेत. लिहा.

हुगळीकाठचा:

सातपुडा, तुम्ही माझ्या तरुणपणाच्या गल्लीत आणून सोडलंत. बँकेच्या नोकरीमुळे १९९० ते १९९९ मी कलकत्त्यात होतो. मराठी माणसाला तिथे दोन गोष्टींनी आपलंसं केलं, मासे आणि ईडन.

१० नोव्हेंबर १९९१ चा सामना मी पाहिलाय. दक्षिण आफ्रिका एकवीस वर्षांच्या बहिष्कारानंतर परतली ती थेट ईडनवर. पाकिस्तानचा दौरा रद्द झाला होता, त्या जागी हे सगळं थोडक्या दिवसांत जमवलं गेलं. एवढ्या कमी वेळात तो संघ कलकत्त्यात उतरवणं हे साधं काम नव्हतं. क्लाइव्ह राइस कर्णधार. ॲलन डोनाल्डने ५ बळी घेतले, आपली पडझड झाली, आणि मग सचिन ६२ आणि आपला प्रवीण आमरे पदार्पणात ५५. माझ्या शेजारी बसलेल्या बंगाली गृहस्थाला मी चारचारदा सांगत होतो की आमरे आमचा, आचरेकर सरांचा. तो हसून म्हणाला, आज सगळेच आमचे.

मग २४ नोव्हेंबर १९९३, हिरो कपची उपांत्य फेरी, पुन्हा तोच आफ्रिकेचा संघ. ईडनवर दिवे लागले होते. मधेच मैदानात एक मुंगूस आलं आणि लाखभर लोक त्याच्यासाठी ओरडले! शेवटच्या षटकात त्यांना ६ धावा हव्या होत्या आणि कर्णधार अझरने चेंडू दिला सचिनकडे. फक्त ३ निघाल्या. तीन दिवसांनी अंतिम सामन्यात कुंबळेचे १२ धावांत ६. तुम्ही म्हणता तो खटला त्याच दिवसांत चालू होता हे आम्हाला वर्तमानपत्रातून कळत होतं, पण ईडनच्या पायरीवर बसलेल्याला त्याचं काय? आम्हाला इतकंच माहीत की हे सगळं 'जग्गूदां'नी आणलं.

काटोलनाका:

धागा छान, पण एका गोष्टीवर नागपूरकर म्हणून बोलतो. सगळं श्रेय एका माणसाला देऊ नका. १९८३ ला मंडळाचे अध्यक्ष होते आमचे एन. के. पी. साळवे. लॉर्ड्सच्या अंतिम सामन्याचे दोन जादा पास मागितले आणि मिळाले नाहीत, हे त्यांच्या मनाला लागलं होतं, आणि तिथून त्यांनी विश्वचषक इंग्लंडबाहेर न्यायचं मनावर घेतलं. पाकिस्तानला बरोबर घेऊन, भारत-पाक संयुक्त समिती करून, १९८७ चा रिलायन्स कप इथे आणला. पंजाबचे क्रिकेट प्रशासक इंदरजितसिंग बिंद्रा त्यात राबले. दालमिया होतेच, पण ते त्या चमूतले एक होते. अंतिम सामना ईडनला, ८ नोव्हेंबरला, ऑस्ट्रेलिया ७ धावांनी जिंकली.

आणि मतांचं गणितही तेव्हाच सापडलं. आयसीसीत इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला नकाराधिकार होता, पण छोट्या सहसदस्य देशांची मतं कोणाच्या गणतीत नव्हती. त्यांना यजमानपदाच्या बदल्यात जास्त पैसे देऊ केले की ती आपल्याकडे येतात, हा धडा १९८७ चा. १९९६ च्या विश्वचषकासाठी १९९३ ला लॉर्ड्सवर जी लांबलचक बैठक झाली, तिच्यात दालमिया-बिंद्रांनी तोच धडा मोठ्या आकड्यांनी गिरवला. पाया साळवेंचा, मजले दालमियांनी चढवले. आपण विदर्भातले लोक आपल्या माणसांविषयी फार कमी बोलतो म्हणून मुद्दाम लिहिलं.

सातपुडा:

काटोलनाका, मान्य. साळवेंचं नाव मी घ्यायलाच हवं होतं. पास मिळाले नाहीत म्हणून विश्वचषकच घरी आणायचा, हे स्वाभिमानाचं काम होतं. दालमियांचं काम त्याच्या पुढचं, म्हणजे घरी आणलेल्या कार्यात घर कर्जात बुडू नये याचं.

दादर_कट्टा:

मला यात इतकं कौतुक वाटत नाही, आणि का ते सविस्तर सांगतो.

छोट्या देशांची मतं पैशाच्या आश्वासनावर गोळा करायची, हे लॉर्ड्सच्या गोऱ्या साहेबांविरुद्ध केलं तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. तीच पद्धत घरात आली तेव्हा काय झालं? २९ सप्टेंबर २००४, कलकत्त्यातली मंडळाची निवडणूक. एकीकडे शरद पवार, दुसरीकडे दालमियांचे उमेदवार रणबीरसिंग महेंद्र. मतं समसमान. मावळते अध्यक्ष दालमिया, सभेचे अध्यक्षही दालमिया, आणि निर्णायक मत टाकणारेही दालमियाच. पवार एका मताने हरले. ज्या माणसाने महाराष्ट्राचं सगळं राजकारण कोळून प्यायलंय, तो पहिल्यांदा असा चितपट झालेला आम्ही पाहिला.

पुढच्या वर्षी पवारांनी निवडणूक जिंकून वचपा काढला. आणि मग डिसेंबर २००६ मध्ये १९९६ च्या विश्वचषकाच्या पैशांत अफरातफर केल्याचा आरोप ठेवून मंडळाने दालमियांना हाकलून लावलं. मुंबईत पोलीस तक्रार झाली. तो आरोप शेवटी टिकला नाही, २०१० मध्ये मंडळाने तो मागे घेतला, हेही सांगायला हवं. पण मुद्दा वेगळा आहे. खजिनदारी जमणारा माणूस असा असावा की त्याच्या वहीवर दहा वर्षांनी कोणाला बोट ठेवताच येऊ नये. मंडळाला पैसा मिळाला, पण वह्या उघड्या ठेवायची शिस्त लागली नाही. पुढे जे जे झालं, आयपीएलचे घोटाळे, हितसंबंध, सिमेंट कंपनीचे मालक श्रीनिवासन मंडळाचेही कर्तेधर्ते आणि आयपीएल संघाचेही, ते सगळं याच बंद दाराआडच्या सवयीतून आलं.

सातपुडाजी, तुम्ही खजिनदार होतात ना? तुमच्या मंडळात वार्षिक सभेत हिशेब वाचून दाखवत होता की नाही?

सातपुडा:

वाचून दाखवत होतो, आणि प्रती काढून वाटतही होतो. एक वर्ष एका प्रायोजकाने मैदानभर फलक लावले आणि पैसे मात्र दिलेच नाहीत, तोही खड्डा मी सभेत तसाच दाखवला. लोक चिडले माझ्यावर. पण त्याच दिवशी ठरवलं की पुढच्या वर्षीपासून स्टँपपेपरवर करार झाल्याशिवाय एक फलक लावायचा नाही. तुमचा प्रश्न रास्त आहे. मालकी कोणाची हे दालमियांनी ओळखलं, पण मालक नेमका कोण, मंडळ की मंडळाचे सभासद की बघणारे लोक, यावर विचार करायला ते थांबले नाहीत.

न्यायपीठ:

मी वकिली करते म्हणून १९९५ च्या निकालावर थोडं लिहिते. सातपुडा यांची सातबाऱ्याची उपमा चांगली आहे, पण निकाल तिच्यात पुरता मावत नाही.

खटल्याचं नाव माहिती व प्रसारण मंत्रालयाचे सचिव विरुद्ध क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉल. खंडपीठावर तीन न्यायमूर्ती होते: पी. बी. सावंत, एस. मोहन आणि बी. पी. जीवन रेड्डी. सावंतसाहेब आपले महाराष्ट्राचे. मुख्य निकाल त्यांनी लिहिला, जीवन रेड्डींनी स्वतंत्रपणे सहमतीचा लिहिला. सरकारचं म्हणणं होतं, १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याखाली प्रक्षेपणावर आमचाच ताबा. न्यायालयाने तसं मानलं नाही. संविधानाच्या कलम १९(१)(अ) खाली माहिती देण्या-घेण्याचा हक्क येतो, त्यात खेळाचं प्रक्षेपणही येतं, असं सांगितलं.

पण दालमियांच्या बाजूचे लोक एक वाक्य सोयीने विसरतात. न्यायालयाने म्हटलं की प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सरकारची मक्तेदारी नको, तशीच खाजगी मक्तेदारीही नको. दोघांपासून स्वतंत्र असलेल्या सार्वजनिक प्राधिकरणाने तिचं नियमन करावं. शेतीच्याच भाषेत सांगायचं तर शेत तुमचं, पण त्यावरून वाहणारा वारा सगळ्यांचा.

निकालाचा पहिला अर्धा भाग क्रिकेट मंडळाने दोन्ही हातांनी उचलला, आणि उरलेला अर्धा बरीच वर्षं पडून राहिला. २००७ मध्ये कायदा करून महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यायला हक्कधारकांना भाग पाडलं, तेव्हा कुठे केबल नसलेल्या घराचा विचार झाला. माझ्या आजोळी डिश नव्हती. तिथे हे फार जाणवायचं.

जाता जाता, क्रिकेटच्या वादातून सुरू झालेला हा खटला आज माध्यमस्वातंत्र्याच्या प्रत्येक मोठ्या प्रकरणात उद्धृत होतो. कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना हिरो कप कोणी जिंकला ते ठाऊक नसतं, पण 'क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉल' हे नाव पाठ असतं. हे मला फार सुंदर वाटतं.

हुगळीकाठचा:

न्यायपीठताई, हे इतकं नीट आजवर कोणी समजावून सांगितलं नव्हतं. मनापासून धन्यवाद.

गोलंदाज_ती:

वर एवढी चर्चा झाली, कोट्यवधींचे आकडे आले, साळवे-बिंद्रा-पवार सगळे आले. मी विद्यापीठाकडून खेळलेली मुलगी आहे. मला एवढंच विचारायचं आहे, या सगळ्या पैशात आम्ही कुठे होतो?

१९७३ साली स्थापन झालेली महिला क्रिकेट संघटना पूर्णपणे वेगळी होती. आपल्या साताऱ्याकडच्या प्रेमलाताई चव्हाण तिच्या अध्यक्ष होत्या. दालमिया खजिनदार, सचिव, आयसीसीचे अध्यक्ष, मग भारतीय मंडळाचे अध्यक्ष असा प्रवास करत होते तेव्हा मुंबईची डायना एडलजी आणि तिच्या पिढीच्या मुली रेल्वेच्या साध्या डब्यातून, कधी आरक्षण नसताना, किट पायाशी घेऊन स्पर्धांना जात होत्या. सतरंजीवर झोपत होत्या. १० एप्रिल २००५ ला मिताली राजचा संघ दक्षिण आफ्रिकेत विश्वचषकाच्या अंतिम फेरीत खेळला. त्या वेळी भारतीय मंडळ जगातलं सगळ्यात श्रीमंत मंडळ होतं, आणि त्या मुलींचा त्याच्याशी कागदोपत्री संबंधही नव्हता. मंडळाने महिला क्रिकेट पंखाखाली घेतलं ते २००६ मध्ये, तेही आयसीसीने सगळ्या देशांना तसं करायला लावल्यावर.

दालमिया वाईट होते असं मी म्हणत नाही. ज्या माणसाला हिरो कपमध्ये दडलेला पैसा इतरांच्या आधी दिसला, त्याला हे दिसायला हवं होतं. ते आयसीसीच्या सर्वोच्च खुर्चीवर तीन वर्षं होते. १९९७ चा महिला विश्वचषक भारतातच झाला आणि अंतिम सामना होता ईडनवर, त्यांच्या घरच्या मैदानावर! ऑस्ट्रेलियाने न्यूझीलंडला हरवलं. त्या दिवशी ईडनवर गर्दी झाली होती. म्हणजे लोक यायला तयार होते.

हुगळीकाठचा:

ताई, हो. तो सामना २९ डिसेंबरचा. मी गेलो होतो, मुलीला घेऊन. ती तेव्हा आठ वर्षांची होती. घरी येऊन तिने बॅट मागितली. मी घेऊन दिली, पण पुढे तिला शिकवायला जागा कुठे होती? तुमच्या बोलण्यातलं दुःख मला समजतं.

सातपुडा:

गोलंदाज_ती, यावर माझ्याकडे बचाव नाही, आणि शोधणारही नाही. आमच्या तालुका मंडळाच्या वहीत बारा वर्षांत मुलींच्या नावाने मी किती खर्च टाकला हे आठवून पाहिलं. दोन वर्षं खो-खोचे गणवेश, बस्स. तेव्हा मलाही ते दिसलं नव्हतं.

बनानी_ढाका:

मी कापड व्यवसायामुळे ढाक्यात बरीच वर्षं राहिलोय. इथे दालमियांचं नाव आजही वेगळ्या आदराने घेतात. २००० मध्ये बांगलादेशाला कसोटी दर्जा मिळाला, त्यामागे त्यांचा जोर होता हे इथला रिक्षावालाही सांगेल. पहिली कसोटी १० नोव्हेंबर २००० ला बंगबंधू स्टेडियमवर, आपल्याविरुद्ध. सौरव गांगुलीची कर्णधार म्हणून पहिली कसोटी. अमिनुल इस्लामने १४५ काढल्या, त्यांनी पहिल्या डावात चक्क ४०० केल्या, आणि दुसऱ्या डावात ९१ त गुंडाळले गेले. आपल्या सुनील जोशीने ५ बळी घेतले आणि ९२ धावाही केल्या.

टीका होते की घाई केली, एक आशियाई मत वाढवायला केलं. असेलही. पण सुमारे सतरा कोटी लोकांचा हा देश क्रिकेटने कसा वेडावलाय ते इथे राहून पाहा. वेल्समध्ये किंवा स्कॉटलंडमध्ये असं दृश्य आहे का? खेळ जिथे लोक आहेत तिथे न्यायचा, हा विचार मला चुकीचा वाटत नाही.

दादर_कट्टा:

बनानी, सहमत. आणि आणखी एक प्रसंग मीही त्यांच्या बाजूने मांडतो, कारण त्या दिवशी मी त्यांचा चाहता झालो होतो. नोव्हेंबर २००१, पोर्ट एलिझाबेथ. सामनाधिकारी माइक डेनिस यांनी आपल्या सहा खेळाडूंवर कारवाई केली. सेहवागवर एका सामन्याची बंदी, आणि सचिनवर चेंडूशी छेडछाडीचा ठपका. सचिनवर! दादरमध्ये त्या संध्याकाळी लोक रस्त्यावर उभं राहून बोलत होते. दालमिया अडून बसले: डेनिस पुढच्या कसोटीत नकोत. आयसीसी म्हणाली, मग कसोटीला मान्यता नाही. तरीही सेंच्युरियनला सामना डेनिसशिवाय झाला, अनधिकृत म्हणून. यजमान दक्षिण आफ्रिकेच्या मंडळाने आपल्या बाजूने सामना खेळवला, कारण दौरा रद्द झाला तर त्यांचं दिवाळं निघालं असतं. तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपल्या मंडळाच्या शब्दाला वजन आलंय. अभिमान वाटला होता.

आज मात्र त्याच वजनाने आपण छोट्या मंडळांना दाबतो, तेव्हा तो दिवस आठवून मी गप्प होतो.

काटोलनाका:

वजनाचा विषय निघालाच आहे तर मंडळाच्या कारभारात सुधारणा सुचवणाऱ्या लोढा समितीचंही लिहितो. 'एक राज्य एक मत' ही शिफारस आली तेव्हा मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ यांपैकी दोघांचं मत जाणार होतं. आमच्याकडे जामठ्याच्या स्टेडियमपर्यंत हळहळ होती. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट काढली, आणि तोवर विदर्भाने रणजी करंडक जिंकूनही दाखवला होता. पण एकेका मताला एवढी किंमत का आली? तर २००४ सारख्या निवडणुकांमुळे. मत म्हणजे सत्ता हे सगळ्यांना तिथेच शिकायला मिळालं. दालमिया गेल्यावर ४ ऑक्टोबर २०१५ ला मंडळाचं अध्यक्षपद आमच्या शशांक मनोहरांकडे आलं, आणि मनोहर पवारांच्या गटातले. चक्र पूर्ण फिरलं म्हणायचं.

सातपुडा:

त्यांच्या परत येण्याबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. मला तो भाग फार मोठा वाटतो. २००६ मध्ये बंगालच्या निवडणुकीत त्यांच्यासमोर कलकत्त्याचे पोलीस आयुक्तच उभे होते, आणि मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्य त्या आयुक्तांच्या पाठीशी. तरी दालमिया जिंकले. वर्षअखेर मंडळाने हाकललं, राजीनामा द्यावा लागला. कोर्टात लढले. २००८ ला पुन्हा निवडून आले. २०१० मध्ये आरोप मागे. २०१३ मध्ये श्रीनिवासन यांना बाजूला व्हावं लागलं तेव्हा मंडळाने हंगामी कारभार कोणाला दिला? ज्याला सात वर्षांपूर्वी हाकललं होतं त्यालाच. आणि मार्च २०१५ मध्ये बिनविरोध अध्यक्ष. तब्येत तेव्हा पार खालावली होती. सहा महिन्यांत गेले.

हाताखाली बांधकामाचा भरभक्कम धंदा होता. पंचाहत्तरीला आलेल्या माणसाला ही दगदग कशासाठी हवी होती? सत्तेची भूक म्हणणारे म्हणतील. मला वाटतं, वहीत आपल्या नावापुढे लागलेली लाल शाई पुसल्याशिवाय त्यांना जायचं नव्हतं. खजिनदाराला एवढं एकच सहन होत नाही.

हुगळीकाठकाका, तुम्ही त्यांना कधी जवळून पाहिलंत का?

हुगळीकाठचा:

जवळून नाही, पण एकदा मैदानात पाहिलं. ते विसरता येत नाही.

फेब्रुवारी १९९९, आशियाई कसोटी स्पर्धा, पाकिस्तानविरुद्ध. चौथ्या दिवशी सचिन तिसरी धाव घेताना शोएब अख्तरला धडकला आणि धावबाद झाला. ईडन पेटलं. बाटल्या, फळं, ओरडा. तीन वर्षांपूर्वी, १९९६ च्या उपांत्य सामन्यात, हेच झालं होतं आणि सामना श्रीलंकेला बहाल केला गेला होता. त्या वेळीही मी स्टँडमध्ये होतो, आणि लाज वाटून खाली मान घालून बाहेर पडलो होतो. आता पुन्हा तेच होणार असं वाटलं.

तेवढ्यात सचिन बाहेर आला आणि त्याच्याबरोबर दालमिया. आयसीसीचे अध्यक्ष होते तेव्हा. केस चापून बसवलेले. सचिन हात जोडत होता, दालमियाही हात वर करून लोकांना बसायला सांगत होते. मैदानाच्या कडेने दोघे चालत राहिले. आमच्या स्टँडसमोरून गेले तेव्हा माझ्या मागे ओरडणारी पोरं गप्प झाली. लोक बसले. खेळ सुरू झाला.

पण पाचव्या दिवशी सौरव बाद झाल्यावर पुन्हा जाळपोळ झाली, आणि पोलिसांनी सगळं मैदान रिकामं केलं. आम्हालाही काठ्या दाखवून बाहेर काढलं. चौरंगीच्या बाजूला रस्त्यावर येऊन उभा राहिलो. आत उरलेल्या विकेट पडत होत्या. लाखाची जागा असलेलं ईडन रिकामं होतं. एका पानवाल्याने ट्रान्झिस्टर लावला होता, त्याच्याभोवती आम्ही पंचवीस-तीस माणसं. ४६ धावांनी हरलो. कोणी काही बोललं नाही. पानवाल्याने ट्रान्झिस्टर बंद केला आणि आम्ही आपापल्या बसला गेलो.